त्या तिरप्या रेघा कशासाठी?

प्रश्न : मुलीला इतिहासाच्या प्रकल्पासाठी इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ हिने १५५४ साली सावत्र बहीण राणी मेरी हिला लिहिलेलं पत्र मिळालं आहे. मेरीविरुद्ध सर टॉमस वायटने केलेल्या बंडात आपला हात नव्हता, असं ती त्यात शपथेवर सांगते. ‘हे साधन कितपत विश्वसनीय?’ असा प्रश्न आहे. आरोपीचंच म्हणणं खरं कसं धरायचं?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, खऱ्याखोट्याचं नंतर पाहू. मूळ पत्र लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, त्याचं छायाचित्र इंटरनेटवर मिळतं. ते मोठं छापून घ्या आणि लेकीला आधी दुसरं पान दाखवा. मजकूर वरच संपलाय, सही पार तळाशी, आणि मधल्या कोऱ्या जागेत तिरप्या रेघा. सहीच्या वर कुणी भलतीच कबुली घुसडू नये म्हणून! माझी तीस वर्षं मोडी कागदांत गेली, त्यामुळे मला लगेच शिवकालीन पत्रांवरचा ‘मर्यादेयं विराजते’ आठवला. मजकूर संपला की तो शिक्का उठवत. पुढे कुणाची लेखणी चालायला नको. हिने तेच काम रेघांनी केलं. बहिणीच्या दरबारात आपला कागदही सुरक्षित नाही असं या वीस वर्षांच्या मुलीला वाटत होतं, हे त्या रेघा सांगतात. त्याला शपथ लागत नाही.

अक्षरही पाहा. पहिलं पान नेटकं, दुसऱ्यावर चुका आणि खाडाखोड वाढत जाते. तिला नावेतून टॉवरमध्ये, म्हणजे लंडनच्या किल्ल्यातल्या कैदेत, न्यायला सरदार येऊन थांबले होते. तिच्या आईचं, ॲन बोलिनचं, शिर १५३६ साली तिथेच उडवलेलं. पत्र पुरं होईतो थेम्स नदीतलं भरती-ओहोटीचं पाणी फिरलं, पुलाखालून नाव काढणं धोक्याचं झालं आणि जाणं दुसऱ्या दिवसावर गेलं. मुद्दाम रेंगाळली असेल का? लेकीला विचारून बघा.

आता मजकूर. वायटने मला पत्र लिहिलंही असेल, पण मला ते मिळालं नाही, असं ती म्हणते. फ्रान्सच्या राजाला आपण काहीच कळवलं नाही, असंही. वाक्यं वकिलासारखी तोलून लिहिली आहेत. पण तिच्या पदरच्या माणसांनी कुणाशी काय बोलणी केली, याबद्दल अवाक्षर नाही. दाखला देते तो ड्यूक ऑफ सॉमरसेटचा, म्हणजे मेरीच्या आधीच्या बालराजाच्या कारभाऱ्याचा; त्याच्या कारभारात त्याच्याच भावाला मृत्युदंड झाला होता: भावाला माझ्यासमोर येऊ दिलं असतं तर तो वाचला असता, असं तो म्हणाल्याचं आपण ऐकलंय. भाऊ १५४९ला गेला, सॉमरसेट १५५२ला. दोघेही फासावर नव्हे, कुऱ्हाडीखाली. पडताळणार कोण? पण भावंडांनीच भावंडाचा जीव घेतल्याची आठवण राणीला बरोबर करून दिली!

म्हणून हे पत्र निर्दोषत्वाचा पुरावा म्हणून कच्चं आहे, पण तिची भीती आणि हुशारी यांचा पुरावा म्हणून पक्कं. शेजारी इतर नोंदी ठेवा: ११ एप्रिलला वधस्तंभापाशी वायटने तिला दोषमुक्त केलं, १९ मेला तिला टॉवरमधून हलवून वुडस्टॉकला नजरकैदेत ठेवलं.

आणि एक फसगत टाळा. तेव्हा इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला लागे. पत्र मार्चच्या मध्यातलं, म्हणून त्या वेळच्या कागदांत हेच दिवस १५५३ चे दिसतील. लेकीला तसं दिसलं तर साल खोडू देऊ नका.