कार्ड पूर्ण, तरी पुन्हा दोन थेंब कशासाठी?

प्रश्न : माझी नात अडीच वर्षांची असून तिच्या लसीकरणाच्या कार्डावर एकही रकाना रिकामा नाही. तरीही पल्स पोलिओच्या रविवारी तिला बूथवर आणावे, असा आमच्या आशाताईंचा आग्रह असतो. देशात 2011 नंतर पोलिओ उरलेला नाही, मग हे जादा थेंब कशासाठी? त्यांनी काही अपाय तर होत नाही ना?
— एक आजोबा, तालुका चोपडा

उत्तर : आजोबा, कार्डावर नोंद होते ती डोस पाजल्याची, तो अंगी लागल्याची नव्हे. थेंबांत दुर्बल केलेला जिवंत विषाणू असतो आणि तो बाळाच्या आतड्यात रुजून वाढला, तरच तेथे प्रतिकारशक्ती तयार होते. ज्या मुलांना वरचेवर जुलाब होतात किंवा ज्यांच्या आतड्यात इतर विषाणूंनी आधीच ठाण मांडलेले असते, त्यांच्यात तो पुष्कळदा रुजतच नाही. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये अनेक डोस घेतलेली मुलेही लुळी पडली, त्यामागे हेच मोठे कारण होते. 2009 साली भारतात 741 रुग्ण आढळले, म्हणजे त्या वर्षीच्या जगातील रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे. 2010 मध्ये विषाणूच्या पहिल्या व तिसऱ्या प्रकारांवर एकत्र काम करणारी लस वापरात आली, फेऱ्या नेटाने झाल्या आणि त्या वर्षी रुग्णसंख्या 42 वर उतरली. निसर्गात फिरणाऱ्या पोलिओ विषाणूचा आपला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी पश्चिम बंगालमधील हावड्यात लुळा पडला. मार्च 2014 मध्ये पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले, ते या वारंवारच्या थेंबांमुळेच.

नातीला दंडात पोलिओची सुईही टोचलेली असेल. ती सुई मुलाला लुळेपणापासून चांगले वाचवते. मात्र विषाणू आतड्यात वाढून शौचावाटे दुसऱ्यापर्यंत पोचण्याला ती थेंबांइतका अटकाव करीत नाही. इस्राएलमध्ये केवळ सुईचीच लस दिली जात असताना 2013 साली सांडपाण्यात हा विषाणू सापडला. एकही मूल लुळे पडले नव्हते, तरीही तेथे पुन्हा थेंब पाजावे लागले.

देशात तो उरला नसला, तरी पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात तो अजून आहे. संसर्ग झालेल्या सुमारे 200 जणांत एखादाच लुळा पडतो, त्यामुळे एक रुग्ण दिसेपर्यंत विषाणू पुष्कळ घरे फिरलेला असतो. भुसावळ जंक्शनवर दिवसरात्र उतरणारी गर्दी पाहिलेल्या खानदेशी माणसाला याहून वेगळे सांगणे नलगे.

आता अपायाविषयी. जादा डोस सुरक्षित आहेत. थेंबांमुळेच लुळेपणा येण्याची उदाहरणे आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. पण ती अतिशय विरळ, साधारण 27 लाख पहिल्या डोसांमागे एक, इतकी आहेत. खरा धोका निराळाच आहे. जेथे पुष्कळ मुले लसीवाचून राहतात, तेथे लसीतला विषाणू मुलामुलांतून महिनोन् महिने फिरत राहतो आणि बदलत बदलत पुन्हा घातक होऊ शकतो. यात दुसऱ्या प्रकाराचा वाटा सर्वांत मोठा होता, म्हणून एप्रिल 2016 मध्ये तो जगभरच्या नेहमीच्या थेंबांतून वगळण्यात आला.

साधा सर्दी-खोकला किंवा जुलाब असले, तरी डोस चुकवू नये. रविवारी जमले नाही, तर पुढील दिवसांत घरोघरी पथके येतात. ती डाव्या करंगळीवरची शाईची खूण पाहतात. आपल्या भागात केळीच्या कामासाठी सातपुड्यातून आलेली कुटुंबे मळ्यातच राहतात आणि त्यांची मुले गावच्या यादीत बहुधा नसतात. आपल्या शिवारात अशी मुले असतील, तर आशाताईंना तो मळा दाखवून द्यावा.