प्रकाश, इलेक्ट्रॉन संरूपण आणि आवर्ती कल हे तीन धडे वेगवेगळे पाठ करायचे, की त्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे?

संबंध आहे, आणि तो एकदा लक्षात आला की पाठांतर पुष्कळ कमी होतं. मी सोलापुरात अकरावीला रसायनशास्त्र शिकवतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी दहावीतलं ‘संरूपण’ (अणूत इलेक्ट्रॉन कुठे कसे मांडलेले असतात ते) अकरावीत ‘कॉन्फिगरेशन’ होतं, आणि त्यांना वाटतं की विषयच नवा आहे. तुम्हालाही तसं झालं असेल तर घाबरू नका.

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. आमटी उतू गेली की गॅसची निळी ज्योत क्षणभर पिवळी होते. तो रंग मिठातल्या सोडियमचा. सिद्धेश्वर यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं, तिथेही रंग असे धातूंमुळेच येतात. (लाल रंग स्ट्रॉन्शियमच्या आणि हिरवा बेरियमच्या संयुगांमुळे, पण तिथे मुख्यतः रेणू उजळतात, म्हणून शिकायला सोडियमच बरा.) अणूतले इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्यांवरच राहतात. सोडियमचा सगळ्यांत बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन ३एस नावाच्या पायरीवर असतो. ज्योतीत तो वरच्या ३पी पायरीवर चढतो आणि परत खाली येताना मधल्या फरकाएवढी ऊर्जा प्रकाश म्हणून सोडतो. ती सुमारे २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीचा पिवळा प्रकाश. अधलामधला रंग त्याला देताच येत नाही, कारण मध्ये पायरीच नाही.

म्हणजे रंग हा अणूच्या आतल्या जिन्याचा पुरावा आहे. १८६८ साली सूर्यप्रकाशात ५८७.५ नॅनोमीटरच्या आसपास एक पिवळी रेषा सापडली. ती सोडियमच्या रेषेला अगदी लागून होती, पण तिच्याशी जुळत नव्हती. एवढ्याशा फरकावरून हेलियमचा माग लागला. पृथ्वीवर तो हाती आला १८९५ मध्ये.

आता वर्गात सहसा राहून जाणारी गोष्ट. एस, पी, डी, एफ ही अक्षरं आली कुठून? इलेक्ट्रॉनची कवचं-उपकवचं माहीत होण्याच्या आधीच वर्णपट बघणाऱ्यांनी रेषांच्या मालिकांना नावं दिली होती: शार्प, प्रिन्सिपल, डिफ्यूज, फंडामेंटल. पुढे तीच अक्षरं उपकवचांना चिकटली. आमटीतली पिवळी रेषा ही सोडियमच्या प्रिन्सिपल मालिकेतली पहिली. म्हणजे तुम्ही १एस२ २एस२ असं लिहिता, तेव्हा ती अक्षरं प्रकाशाच्या धड्यातलीच असतात.

आणि आवर्तसारणीतले कल? जिन्याच्या पायऱ्या वर जाताना जवळजवळ येत जातात. हायड्रोजनमध्ये पहिलीवरून दुसरीला १०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, दुसरीवरून तिसरीला १.९, तिसरीवरून चौथीला जेमतेम ०.६६. शेवटी वर्णपटातल्या रेषा एका जागी दाटतात, आणि त्यापुढे इलेक्ट्रॉन अणूबाहेर. ती हद्द १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर आहे, आणि तीच हायड्रोजनची आयनीभवन ऊर्जा, म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन काढून टाकायला लागणारी ऊर्जा. अणुत्रिज्या आणि विद्युतऋणता (बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याची अणूची क्षमता) कमी-जास्त होण्याची कारणंही बरीचशी हीच आहेत: आवर्तात उजवीकडे परिणामी केंद्रकीय प्रभार (बाहेरच्या इलेक्ट्रॉनला प्रत्यक्ष जाणवणारी केंद्रकाची ओढ) वाढतो, गणात खाली कवच वाढतं. त्यात मी वेळ घालवत नाही.

वेळ घालवा तो अपवादांवर. एका आलेखाच्या कागदावर हायड्रोजनपासून सोडियमपर्यंत ११ मूलद्रव्यांची पहिली आयनीभवन ऊर्जा मांडा. किलोज्यूल प्रति मोलमध्ये आकडे क्रमाने असे: १३१२, २३७२, ५२०, ९००, ८०१, १०८६, १४०२, १३१४, १६८१, २०८१, ४९६. रेषा चारच ठिकाणी खाली येते. लिथियमला २एस सुरू होतं, सोडियमला ३एस. दोन्हीकडे नवं कवच, इलेक्ट्रॉन लांब गेला. बोरॉनला २पी सुरू होतं, आणि ते २एसपेक्षा वरच्या पायरीवर आहे. ऑक्सिजनला मात्र नवीन पायरी नाही. तिथे पहिल्यांदाच पीच्या एका कक्षकात (जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉन मावणाऱ्या जागेत) दोन इलेक्ट्रॉन एकत्र येतात, एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून त्यातला एक काढणं सोपं जातं.

त्या चार खळग्यांखाली त्या-त्या मूलद्रव्याचं संरूपण पेन्सिलने लिहा आणि कागद अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवा.