तुमचे प्रश्न : लेक एका सत्रासाठी जर्मनीला निघाली आहे

प्रश्न : माझी मुलगी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असून विद्यार्थी-विनिमय योजनेतून एका सत्रासाठी ती सप्टेंबरअखेरीस जर्मनीतील ड्रेस्डेन येथे जात आहे. आजवर ती घर सोडून कधीही राहिलेली नाही. तिच्यासोबत काय द्यावे, पोहोचल्यावर कोणती कामे आधी उरकावीत आणि तिला एकटे वाटू नये म्हणून आम्ही काय करावे? रोज रात्री जेवणे आटोपल्यावर, साडेदहाच्या सुमारास, व्हिडिओ कॉल करायचा असे आम्ही ठरवले आहे.
— एक आई, नौपाडा, ठाणे

उत्तर : तुमच्या पत्रातील शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण माझ्या मते तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यातच दडलेले आहे. ठाण्यात रात्रीचे साडेदहा वाजतात तेव्हा ड्रेस्डेनमध्ये ऑक्टोबरात संध्याकाळचे सात वाजलेले असतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे गेल्यानंतर सहा. तेथील बहुतेक विद्यार्थी-वसतिगृहांत स्वयंपाकघर सामायिक असते आणि नेमक्या याच वेळी मुले तेथे जेवण करायला जमतात. कोणाकडे मीठ मागावे, कोणाला पोळी कशी लाटतात ते दाखवावे, अशा किरकोळ प्रसंगांतूनच पहिल्या ओळखी होतात. त्या तासाला तुमची मुलगी रोज खोलीचे दार लावून घरच्यांशी बोलत बसली, तर शरीराने ड्रेस्डेनला आणि मनाने नौपाड्यात, अशी तिची अवस्था होईल. तुमची ओढ मी जाणते, तरीही आग्रहाने सांगते की हा रोजचा कॉल ठेवू नका. आठवडाभर दोन ओळींचा निरोप पुरे. मनसोक्त बोलण्यासाठी रविवार राखून ठेवा.

रविवारच का, तेही सांगते. जर्मनीत रविवारी दुकाने कायद्यानेच बंद असतात, अगदी नेहमीचे किराणा दुकानसुद्धा. तलावपाळी आणि गोखले रोडची रात्री उशिरापर्यंतची वर्दळ पाहत वाढलेल्या मुलीला त्या दिवसाची शांतता पहिल्या महिन्यात अंगावर येते. हिवाळ्यात तिच्याकडचे सकाळचे अकरा म्हणजे आपले दुपारचे साडेतीन. ही वेळ दोन्ही घरांना सोयीची आहे. याच कारणासाठी विमानाचे तिकीट काढताना ती सोमवार ते गुरुवारच्या दरम्यान पोहोचेल असे पाहा. वसतिगृहाची किल्ली देणारे कार्यालय शनिवार-रविवारी बहुधा उघडे नसते आणि रिकाम्या पोटी रविवार काढण्याची पाळी कोणावरही येऊ नये.

कामांपैकी एका कामाला तेवढी मुदत आहे, ती चुकवू नये. नव्या घरी राहायला गेल्यापासून 2 आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. तिला तेथे ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. त्यासाठी पासपोर्टसोबत घर देणाऱ्याचे, म्हणजे तिच्या बाबतीत वसतिगृहाचे, लेखी प्रमाणपत्र लागते. निवास-परवान्यासारखी पुढची कामे या नोंदीवर अवलंबून असतात. सत्राच्या सुरुवातीला या कार्यालयांत गर्दी उसळते, म्हणून पत्ता कळताच येथूनच भेटीची वेळ मिळते का ते तिने पाहावे. ही धावपळ तिची तिलाच करू द्या. मोडक्या जर्मन भाषेत का होईना, एक सरकारी काम स्वतः तडीस नेल्यावर येणारा धीर आपण ठाण्यातून फोनवर देऊ शकत नाही.

अभ्यासाबाबत थोडक्यात : एका सत्राचा पूर्ण भार 30 युरोपीय श्रेयांकांचा धरला जातो आणि एका श्रेयांकामागे 25 ते 30 तासांची मेहनत अपेक्षित असते. तेथे गेल्यावर एखादा विषय बदलावा लागला, तर येथील महाविद्यालयाची संमती तिने लगेच लेखी घ्यावी, अन्यथा परतल्यावर ते गुण जमा होताना अडचण येते. व्याख्यानांना बसणे म्हणजे परीक्षेला नाव नोंदवणे नव्हे. ती नोंदणी बहुधा वेगळी असते आणि तिची मुदत सत्राच्या मध्येच संपू शकते.

आता सामान. जेथे आयांचा जीव सर्वांत जास्त गुंतलेला असतो, तेथेच नकार द्यावा लागत आहे, याचे मला वाईट वाटते. भारतातून येणाऱ्या प्रवाशाने दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणण्यास युरोपीय संघात बंदी आहे. त्यामुळे साजूक तूप, पेढे, खवा काहीही देऊ नका. ताजा कढीपत्ताही नको, कारण ताज्या पानांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, पोहे खुशाल द्या. जाड लोकरी कपडे मात्र येथून ढीगभर घेऊ नका. ठाण्यात मिळणारे स्वेटर तिकडच्या थंडीला पुरत नाहीत. एक चांगला कोट तिने तेथेच घ्यावा. डिसेंबरात ड्रेस्डेनला दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि त्या अंधाराचा मनावर परिणाम होतो. म्हणून दिवसा उजेडी रोज तासभर बाहेर पडण्याची सवय तिने ऑक्टोबरपासूनच लावून घ्यावी. त्याच दिवसांत तेथे 1434 पासून भरत आलेला नाताळचा बाजार असतो. ती एकटी जायला संकोचेल, तर मजल्यावरच्या मुलींबरोबर जाऊ दे.

तुमच्या हाती उरलेल्या दिवसांत एक गोष्ट अवश्य करा. शेवटचे पंधरा दिवस घरातला एक वेळचा स्वयंपाक पूर्णपणे तिच्याकडे सोपवा आणि तोही एका कढईत, एका कुकरमध्ये होईल असा. खिचडी, पिठले, बटाट्याची भाजी, पोहे एवढे हाताखालून गेले की दिवाळीला ती मजल्यावरच्या सगळ्यांना जेवायला बोलावू शकेल. फोडणी करताना खिडकी उघडी ठेवायला मात्र तिला आठवणीने सांगा. वसतिगृहांत धुराची सूचना देणारी यंत्रे बसवलेली असतात आणि मोहरी-मिरचीच्या धुरानेही ती वाजू लागतात.