टोकियोत नोकरी लागली आहे, कंपनी घर देत नाही. जपानी न येणाऱ्या परदेशी माणसाला भाड्याने घर कसं मिळतं?

पुण्यात बसून फोटो बघून घर पक्कं करायचा विचार असेल तर तो आधी सोडा. पहिले एक-दोन महिने शेअर हाउसमध्ये काढा. साकुरा हाउस, ओक हाउस या कंपन्यांकडे इंग्रजीत काम होतं, जामीनदार लागत नाही आणि खोलीत पलंग वगैरे असतो. स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून, फोडणीवरून कुरबुर होणारच. पण पत्ता मिळतो. वॉर्ड ऑफिसात नोंदणी, फोन, बँक, सगळं त्या पत्त्यावर अडलेलं असतं.

मग घर शोधा. एजंटकडे गेलात तर भाड्यापेक्षा सुरुवातीच्या खर्चानं घाम फुटेल. समजा भाडं ९०,००० येन. पहिल्या महिन्याचं भाडं, एक महिना 'शिकिकिन' म्हणजे डिपॉझिट, एक महिना 'रेइकिन', एजंटचा एक महिना, हमी देणाऱ्या कंपनीचा अर्धा, वर विमा आणि कुलूप बदलायचे पैसे. साडेचार लाख येनच्या आसपास जातात. यातलं रेइकिन परत मिळत नाही. घर दिलंत म्हणून मालकाचे आभार, तेही रोखीत!

नकारही ऐकावा लागेल. मी समोर बसलेलो असताना एजंट मालकांना फोन लावायचा, आणि 'गाइकोकुजिन' म्हणजे परदेशी हा शब्द आला की पलीकडचं बोलणं दोन वाक्यांत संपायचं. एका दुपारी असे चार फोन झाले. मनाला लावून घेऊ नका. 'परदेशी चालतील' अशीच घरं दाखवा, असं आधीच सांगायचं.

माझ्या मते नोकरदार माणसानं थेट यूआरकडे जावं. ही भाड्यानं घरं देणारी निमसरकारी संस्था. रेइकिन नाही, एजंट नाही, जामीनदार नाही, दर दोन वर्षांनी कराराच्या नूतनीकरणाचे पैसेही नाहीत. फक्त दोन महिन्यांचं डिपॉझिट. कुटुंब सोबत असेल आणि भाडं ८२,५०० येनच्या आत असेल तर महिन्याचा पगार त्याच्या चौपट हवा. तेवढा नसेल तर वर्षाचं भाडं एकरकमी भरूनही घर देतात. इमारती जुन्या असतात, एवढंच. एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईत आपली माणसं इतकी दिसतात त्यामागे हेही एक कारण आहे. शिवाय तिथून तोझाई लाइन या मेट्रोनं ऑफिसांच्या ओतेमाची भागात थेट जाता येतं. मूळचे मराठी योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच एदोगावा वॉर्डातून नगरसेवक झाले.

एजंटकडून घेतलंत तर इमारतीचं साल विचारा. जून १९८१ पासून भूकंपाचे नियम कडक झाले, त्यामुळे त्यानंतरची बघा.

आणि किल्ली उजेडात घ्या. बऱ्याच घरांत छताला नुसता सॉकेट असतो, दिवा आपण आणायचा. गॅसची शेगडीही आपलीच. गरम पाण्यालाही गॅसच लागतो; तो सुरू करायला गॅसवाला येतो तेव्हा घरात कोणीतरी लागतं, म्हणून त्याची वेळ किल्लीच्याच दिवसाची ठरवा. मी फेब्रुवारीतल्या शनिवारी किल्ली घेतली आणि सोमवारपर्यंत मोबाइलच्या उजेडात गार पाण्यानं आंघोळ केली.