शेती सोडू नकोस, आधी गाय सोड

प्रश्न: ताई, नोकऱ्या सोडून आम्ही दोघांनी 2 एकरात शेती सुरू केली, आता आठेक महिने झाले. नवऱ्याचा उत्साह दांडगा, आल्या आल्या गाय, शेळ्या, कोंबड्या, भाजीपाला, फळझाडं सगळंच आणलं. दोन्ही वेळच्या धारा माझ्याकडे, भाजीची तोडणी माझ्याकडे, मुलं आहेतच. टोमॅटो एकदम पिकले, अर्धे सडले. शेळ्यांनी कलमं खाल्ली. पैसा नुसता जातोय. आमचं बोलणं म्हणजे "मोटर बंद केलीस का" एवढंच. बहीण म्हणते परत या. पण लेक कोंबड्यांत रमलीय, आणि जो कोपरा दगडासारखा होता तिथे आता गांडुळं दिसतात. काय करू? – दमलेली

उत्तर: अगं, सोडून जायचं पक्कं केलेली बाई गांडुळं बघत बसत नाही, त्यामुळे तो प्रश्न बाजूला ठेवू. तुम्ही एकाच वेळी पाच धंदे काढलेत आणि त्यातले साडेतीन तुझ्या अंगावर आलेत, दुखणं हे आहे.

सुरुवात गाईपासून कर. धार म्हणजे रोज दोनदा, ताप असो पाहुणे असोत, वेळ चुकली की कास तटतटते, दूध कमी होतं, अंगावर राहिलं तर कासदाहाची, म्हणजे कास सुजण्याची, भीती. दावं गाईच्या गळ्यात दिसतं पण बांधली गेलीयस तू. ती गाभण आहे का बघ, असेल तर विण्याआधी साधारण 2 महिने तिला आटवावं लागतं, तेवढे दिवस धार नाही, तेव्हा शांतपणे ठरवा ठेवायची की द्यायची. गाभण नसेल तर एकतर विका, नाहीतर एक वेळची धार नवऱ्याने काढायची, स्वतः बसून, तू शेजारी बादली धरून उभी राहायचं नाही. नवा हात लागला की गाय सुरुवातीला पान्हा चोरते, दूध कमी येईल, मग तो म्हणेल बघ तुझ्याच हाताला देते, तूच काढ. तिथे अजिबात विरघळू नकोस. थोड्या दिवसात सवय होते, गाईलाही आणि त्यालाही.

शेळ्या आणि कोवळी कलमं एकाच आवारात ही आयडिया कोणाची होती ते मी विचारत नाही. शेळीला शेंडाच आवडतो. कुंपण नसेल तर शेळ्या आत्ता नकोतच. कलमी झाडंसुद्धा बरीचशी 3 ते 5 वर्षांनी फळ धरायला लागतात, तोवर मधल्या पट्ट्यात एखादं बुटकं कडधान्य घ्या, मुळांवरच्या गाठींमधून जमिनीला नत्र मिळतं आणि तणही दबतं.

टोमॅटोची सगळी रोपं एकाच दिवशी लावली असणार. थोडी थोडी, 2-3 आठवड्यांच्या अंतराने लावा आणि लावायच्या आधी घेणारा कोण ते बघा, पिकल्यावर गिऱ्हाईक शोधायला निघालं की तो म्हणेल तो भाव घ्यावा लागतो.

कोंबड्या मात्र राहू देत आणि त्यांची वही लेकीकडे दे, तारीख आणि किती अंडी, बास. दिवस लहान झाले की अंडी कमी होतात, भरपूर अंडी द्यायला कोंबडीला साधारण 14 तास तरी उजेड लागतो, आणि पिसं गाळायला लागली की बंदच होतात. तिच्या वहीत हे दिसेल, मग तुम्ही उगाच खाद्य बदलत बसणार नाही. नोकरीत असताना मुलांच्या वाट्याला असलं काही येत नाही गं, आणि याची किंमत हिशोबात धरता येत नसली तरी ती आहे.

बहिणीचं अर्धं ऐक. जगातल्या दर 6 शेतांपैकी साधारण 5 शेतं 2 हेक्टरहून लहान आहेत आणि त्यातली कितीतरी घरं बाहेरच्या कमाईवरही चालतात. दोघांपैकी एकाने अर्धवेळ काम धरलं तर शेती हरली असं होत नाही, उलट पहिली एकदोन वर्षं तोच श्वास असतो. काम कोणी धरायचं हे मात्र "तूच जा" असं ठरू देऊ नकोस, कारण मग परत येऊन धारा पण तूच काढशील.

आता बोलायचं कसं. आज नको, भांडण होईल. महिनाभर एक वही ठेव, खत, चारा, वीज सगळे लिहितात, तू तास पण लिही, कोणतं काम, कोणी केलं, किती वेळ लागला. त्याचेही तास प्रामाणिकपणे लिही, तोही राबतोच आहे. दूध घरचं म्हणून फुकट वाटतं ना, ते या वहीत फुकट राहत नाही. मग दिवसाउजेडी, दोघंही खाऊन पिऊन बसलेले असताना वही पुढे ठेव. "मी दमले" ने सुरुवात करू नकोस, तो "मी पण दमलो" म्हणेल आणि विषय तिथेच संपेल. सरळ विचार, या पाचातली दोन बंद करायचीत, कोणती ते तू सांगतोस की मी सांगू.