२०२६ च्या हॉकी विश्वचषकात भारतीय पुरुष संघाला पदकाची कितपत आशा आहे?

उपांत्य फेरीची आशा धरावी, विजेतेपदाची पैज मात्र लावू नये. टोकियो व पॅरिस या लागोपाठच्या ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या आणि २०२५ मध्ये राजगीरला आशिया चषक जिंकून थेट पात्र ठरलेल्या या संघाची भिस्त हरमनप्रीत सिंगच्या ड्रॅग-फ्लिकवर, म्हणजे पेनल्टी कॉर्नरवर काठीने चेंडू ओढत गोलाकडे भिरकावण्याच्या फटक्यावर आहे. पॅरिसमध्ये त्याने एकट्याने १० गोल केले होते. पण पेनल्टी कॉर्नर (गोलाजवळच्या नियमभंगाबद्दल मिळणारी संधी) अडले की चालू खेळातून होणारे मैदानी गोल कोण करणार? २०२३ च्या विश्वचषकात मायदेशी न्यूझीलंडविरुद्ध ३-१ ची आघाडी घालवून आपण शूटआउटमध्ये हरलो, आणि आता गोलरक्षणाला पॅरिसनंतर निवृत्त झालेला श्रीजेशही नाही. आमच्या यवतमाळकडच्या गावात पोरे मुरमाड जागेवर बाभळीच्या वाकड्या काठीने खेळतात, तिथे चेंडू उसळतो. यजमान बेल्जियम व नेदरलँड्सच्या खेळाडूंना मात्र ओल्या टर्फवरचा (कृत्रिम मैदानावरचा) वेग लहानपणापासून अंगवळणी पडलेला असतो.