'सर्वांत वाईट' म्हणजे कशापेक्षा?

तुमचा प्रश्न: "लोकशाही ही सर्वांत वाईट राज्यपद्धत, आजवर वापरून पाहिलेल्या बाकी सगळ्या सोडून, असं म्हणणं ही दोष झाकायची पळवाट नाही का?"

वाक्य कोण, कुठे वापरतोय त्यावर आहे. हे वाक्य ब्रिटनचे माजी पंतप्रधान, तेव्हाचे विरोधी पक्षनेते चर्चिल 11 नोव्हेंबर 1947 ला ब्रिटिश संसदेत बोलले, तेही 'असं म्हटलं जातं' अशी पुस्ती जोडून. वाद हाउस ऑफ लॉर्ड्सचा होता. लोकांनी न निवडलेलं हे सभागृह विधेयक दोन वर्षं अडवू शकायचं. सरकारला ती मुदत एका वर्षावर आणायची होती आणि चर्चिल विरोधात होते. बहुमताचं सरकार म्हणून सगळं चालवून घ्या, असं सांगायला आज जे वाक्य फेकतात, ते बहुमताच्या सरकारला अडवताना आलेलं आहे!

आम्हा सोलापूरकरांना 'कायदेभंग' या शब्दाचंही असंच. मे 1930 मध्ये इथे लष्करी कायदा लागला, डोक्यावरची गांधी टोपीसुद्धा खपत नव्हती. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी झाली. त्या काळात कायदेभंग म्हणजे अभिमान. आणि 25 नोव्हेंबर 1949 ला डॉ. आंबेडकर संविधान सभेत सांगतात, कायदेभंग, सत्याग्रह आता सोडा, हे अराजकाचं व्याकरण आहे. चार हुतात्मा पुतळ्यांवरून रोज जाणाऱ्या मला हे आधी झोंबलं. मग त्यांची अट नीट वाचली: संविधानिक मार्ग खुले असताना. 1930 मध्ये ते खुले नव्हते.

मार्ग खुला असणं म्हणजे काय, ते मला शेजारच्या काकूंमुळे कळलं. आमच्याकडे पाणी चार-चार दिवसांआड. नाही आलं की काकू रिकामी घागर घेऊन थेट नगरसेवकाच्या दारात: "नालायक आहेस तू, येऊ दे निवडणूक, बघते!" मार्च 2022 ला महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली, प्रशासक आले, निवडणूक वर्षानुवर्षं लांबली. घागर घेऊन जायचं कुणाकडे? तेव्हा काकू म्हणाल्या, "नालायक होता, पण दार तरी उघडायचा की रे." आधी त्या शब्दामागे मत होतं, म्हणून तो ऐकून घ्यायचा.

तेव्हा 'वाईट असली तरी लोकशाहीच बरी' असं कुणी म्हणालं, की त्याला विचारा, काकूंनी घागर घेऊन कुठे जायचं? त्याने दार दाखवलं तर ती पळवाट नाही.